भाऊबीजेला मराठी सिनेमाचा शो सकाळी साडेनऊलाच का असतो?

आमच्याकडे भाऊबीजेचा कार्यक्रम ठरलेला आहे. ओवाळून झालं, जेवणं झाली, की आत्या फर्मान काढते, "चला, सिनेमाला." आत्या नारायण पेठेत वाढलेली, हल्ली कोथरूडला असते. आम्ही सगळे मिळून अकरा जण. धाकटा सात वर्षांचा, थोरली आजी एक्याऐंशीची. आत्याच्या अटी दोनच: सिनेमा मराठी हवा आणि दुपारच्या जेवणानंतरचा हवा.

मी मोबाइल काढतो. ज्या मराठी सिनेमाची जाहिरात महिनाभर टीव्हीवर चालली आहे, त्याचे घराजवळच्या मल्टिप्लेक्सला दोन शो. एक सकाळी साडेनऊला, दुसरा रात्री पावणेअकराला. मधल्या अख्ख्या दिवसात एकच हिंदी सिनेमा, दर चाळीस मिनिटांनी. पीएमपीची बसही इतक्या नेमाने येत नाही.

"साडेनऊला सिनेमाला जायचं तर भावाला ओवाळायचं कधी, पहाटे पाचला?" आत्या म्हणाली.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर मिळतात. पहिलं, मल्टिप्लेक्सवाल्यांची दादागिरी. दुसरं, मराठी माणूसच मराठी सिनेमा बघत नाही. दोन्ही थोडी थोडी खरी आहेत, पण दोन्हींत हिशेब नाही. तो हिशेब मला आमच्या वाड्यातल्या एका जुन्या शेजाऱ्यांनी समजावला. ते पेठेतल्या एका एकपडदा थिएटरात वर्षानुवर्षं ऑपरेटर होते. त्यांच्या मते दिवाळीत सिनेमा लागत नाही, दिवाळीत जागा लागते. तुळशीबागेत दिवाळीच्या आधी चार फुटांच्या जागेसाठी जी मारामारी होते, तीच पडद्यावर होते. फक्त फुटांऐवजी तास.

तारीख कुठून येते

सिनेमा तयार झाला की प्रदर्शित होतो, हा समज पहिल्यांदा काढून टाकायला हवा. मोठ्या सिनेमाची तारीख आधी ठरते आणि सिनेमा त्या तारखेपर्यंत पुरा करायचा असतो. 'रामायण'च्या पहिल्या भागासाठी २०२६ ची दिवाळी आणि दुसऱ्यासाठी २०२७ ची, ही घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्येच झाली होती. दोन वर्षं आधी. लग्नाचा हॉल आधी धरून ठेवायचा आणि मग मुलगी बघायला जायचं, तसा प्रकार. पण पुण्यात हॉल कसे मिळतात हे माहीत असलेल्याला यात काही विचित्र वाटणार नाही.

तारीख इतक्या आधी जाहीर करण्यात दुसऱ्यांना दम भरणं असतं. आम्ही येतोय, तुम्ही बघा काय करायचं ते. लहान निर्माता निमूटपणे बाजूला होतो. मोठा होत नाही, मग टक्कर होते. २००० च्या दिवाळीत 'मोहब्बतें' आणि 'मिशन कश्मीर' एकाच दिवशी आले, २००७ मध्ये 'ओम शांती ओम' आणि 'सावरिया', २०१२ मध्ये 'जब तक है जान' आणि 'सन ऑफ सरदार', २०२४ मध्ये 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३'. यातली २०१२ ची टक्कर थेट भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली. त्याच वर्षी ईदला 'जब तक है जान' काढणाऱ्या यशराज कंपनीचाच 'एक था टायगर' आला होता. तो हवा असेल तर दिवाळीला आमचाच सिनेमा लावायचा, अशी अट एकपडदा थिएटरवाल्यांना घातली गेली, अशी 'सन ऑफ सरदार' काढणाऱ्या अजय देवगणच्या कंपनीची तक्रार होती. आयोगाने ती फेटाळली. पण त्या तक्रारीमुळे धंद्यातली एक गोष्ट चारचौघांत आली: थिएटरवाला आजच्या सिनेमाचा एकटा विचार करू शकत नाही. आज ज्याला नाही म्हणायचं, त्याच्याच दारात पुढच्या सणाला जायचं असतं.

आता दिवाळीतला नेमका दिवस. इथे पंचांग आणि धंदा एकमेकांत मिसळतात. दिवाळीच्या आधीचा आठवडा थिएटरला सगळ्यात वाईट. घर साफ करायचंय, चकलीची भाजणी दळून आणायचीय, लक्ष्मी रोडवर कपड्यांची खरेदी आहे, मुलांचा किल्ला आहे. तीन तास अंधारात बसायला कुणाला वेळ आहे? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही तेच, घर सोडून कोण जाणार. पण पाडवा उजाडला की चित्र पालटतं. फराळ झालेला, पाहुणे आलेले, हातात बोनस, मुलांना सुट्टी आणि घरात एवढी माणसं की सगळ्यांना मिळून काय करावं ते सुचत नाही. सिनेमाचा खरा गिऱ्हाईक तो. म्हणूनच बरेच दिवाळी सिनेमे शुक्रवारचा नियम सोडून येतात. २०१८ मध्ये लक्ष्मीपूजन बुधवारी होतं, तर 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' गुरुवारी, ८ नोव्हेंबरला आला. याउलट २०२३ मध्ये 'टायगर ३' ऐन लक्ष्मीपूजनाच्या रविवारी, १२ नोव्हेंबरला लागला. संध्याकाळचं गिऱ्हाईक जाणार हे माहीत असूनही घेतलेला तो निर्णय मला तेव्हाही कळला नव्हता.

(गणपतीत काय होतं, असं कुणी विचारेल. गणपतीत पुणेकर देखावे बघतो, तेही फुकट, आणि पेठांतले रस्ते बंद असतात. त्यामुळे शहराच्या मध्यात तरी ते दहा दिवस पडद्याचे नसतातच.)

एका दिवसात किती शो बसतात

हा लेखातला सगळ्यात कोरडा भाग आहे, पण सगळं याच्यातच दडलंय.

एक पडदा घ्या. सकाळी नऊला पहिला शो, शेवटचा रात्री दहा-साडेदहाच्या आसपास सुरू. सिनेमा अडीच तासांचा. त्यात मध्यंतराची पंधरा मिनिटं, सुरुवातीच्या जाहिराती आणि ट्रेलरची पंधरा-वीस, शो सुटल्यावर सांडलेलं पॉपकॉर्न झाडायला आणखी पंधरा. झाले सव्वातीन तास. म्हणजे शो लागतात नऊ, सव्वाबारा, साडेतीन, पावणेसात आणि दहाला. एका पडद्याचे दिवसाला पाच शो. मल्टिप्लेक्स पाच पडद्यांचं असेल तर पंचवीस.

पंचवीस शो ऐकायला भरपूर वाटतात. पण नऊच्या आणि दहाच्या शोला सहकुटुंब कोण येतं? कामाचे शो मधले तीनच: सव्वाबारा, साडेतीन, पावणेसात. पाच पडद्यांवर असे पंधरा. खरी ओढाताण पंचवीस शोंसाठी नसते, या पंधरांसाठी असते.

आता वाटणी करू. समजा दोन मोठे हिंदी सिनेमे एकाच दिवशी आले. पहिला म्हणतो, मला बारा शो. दुसरा म्हणतो, मग मला नऊ तरी. एकवीस गेले. आधीच्या आठवड्यातला एखादा चालणारा सिनेमा अजून एक शो धरून आहे, आणि मुलांसाठी एखादा इंग्रजी सिनेमा, त्याचाही एक. उरले दोन. त्यात मराठी सिनेमा बसतो, तोही पंधराच्या बाहेरच्या जागेत. आत्याच्या साडेनऊच्या शोचा जन्म असा होतो. कुणी बसून ठरवत नाही की मराठीला सकाळी ढकलू. मोठ्यांनी आधी उचलल्यावर ताटात जे उरतं, ते उरतं.

सिनेमा लांब असेल तर आणखी पंचाईत. हल्ली साडेतीन तासांच्या सिनेमांची फॅशन आली आहे. डिसेंबर २०२४ मधला 'पुष्पा २' तीन तास वीस मिनिटांचा, आणि डिसेंबर २०२५ मधला 'धुरंधर' साडेतीन तासांहून थोडा मोठाच. असा सिनेमा लावला की एका पडद्यावर पाचाऐवजी चारच शो बसतात. पाच पडद्यांचे पंचवीस होते ते वीसवर येतात. मग मोठा सिनेमा आणखी पडदे मागतो, कारण त्याला शो तेवढेच हवेत. दिग्दर्शकाने संपादनात वीस मिनिटं कापली नाहीत, तर त्याची किंमत शेजारच्या सिनेमाला मोजावी लागते. हे कुठल्या परीक्षणात लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

पूर्वी अशी वेळ का येत नव्हती? शेजाऱ्यांचं उत्तर सोपं होतं: पूर्वी पेट्या होत्या. सिनेमा म्हणजे रिळं, रिळं म्हणजे पत्र्याच्या जड पेट्या, आणि एकेक प्रिंट काढायला चांगले पैसे पडत. त्यामुळे मोजक्याच प्रिंटा निघत. पुण्यात एक सिनेमा एक-दोन थिएटरांत लागे आणि तिथेच आठवडेच्या आठवडे मुक्काम करी. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. कधीकधी एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालत. इकडे रीळ संपलं की पोऱ्या सायकलवर टाकून तिकडे पळवी, आणि वाटेत मिरवणूक लागली की तिकडचं पब्लिक शिट्ट्या मारी. आता सिनेमा कुलूप लावलेल्या फाइलच्या रूपात येतो आणि ते कुलूप उघडायची डिजिटल किल्ली ठरावीक पडद्यासाठी, ठरावीक दिवसांपुरती मिळते. धंद्यात तिला केडीएम म्हणतात. फाइलला वजन नाही. एकाच शुक्रवारी तो सिनेमा सगळीकडे लागू शकतो. म्हणून लावतात. पूर्वी पंचवीस आठवडे एका थिएटरात जे व्हायचं, ते आता तीन दिवसांत सगळ्या शहरात उरकायचं असतं.

तीनशे रुपयांचं काय होतं

तीन दिवसांतच का? त्यासाठी तिकिटाचे पैसे कुठे जातात ते बघू.

तिकीट तीनशे रुपयांचं आहे असं धरू. शंभरच्या वरच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के. (शंभरपर्यंतच्या तिकिटावर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. पण सणात शंभराचं तिकीट तुम्हाला मल्टिप्लेक्समध्ये दिसलं तर मला कळवा.) तीनशेतले सुमारे ४६ रुपये सरकारला गेले, उरले २५४. ॲपवाल्याची कन्व्हिनियन्स फी याच्या वर आणि वेगळी.

या २५४ ची वाटणी निर्मात्याच्या बाजूचा वितरक आणि थिएटर यांच्यात होते. २००९ साली एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला होता. दोन महिने नवा मोठा हिंदी सिनेमाच नाही. तो मिटला तेव्हा ठरलं की पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून ३० टक्के. सिनेमागणिक थोडंफार मागेपुढे होतं, पण उतरती भाजणी हीच.

म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या तिकिटातले १२७ रुपये वितरकाकडे जातात, तेच तिकीट चौथ्या आठवड्यात काढलंत तर ७६. निर्मात्याला पहिल्या आठवड्यातच सगळं गिऱ्हाईक हवं असतं ते याच्यामुळे. थिएटरचं उलट. सिनेमा महिनाभर टिकला तर त्याचा वाटा वाढत जातो. पण टिकेल याची खात्री कोण देणार? रिकाम्या खुर्चीचा वाटा शंभर टक्के मिळाला तरी तो शून्यच.

आणि थिएटरचा खरा नफा पडद्यावर नसतो, पॉपकॉर्नच्या काउंटरवर असतो. तिकिटातला अर्धा वाटा द्यावा लागतो, समोशातला द्यावा लागत नाही. त्यामुळे मल्टिप्लेक्सचा शो ठरवणारा माणूस, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रोग्रॅमिंगवाला, भाषा बघत नाही. किती माणसं येतील आणि मध्यंतरात किती उठतील, एवढंच बघतो. रविवारी साडेतीनच्या शोला ऐंशी टक्के खुर्च्या भरणारा सिनेमा गुजराती असो नाहीतर कोरियन, तो लावेल. अडचण ही की सणाच्या आधी त्याच्याकडे आकडाच नसतो. असतो तो अंदाज. अंदाजात मोठा नट, मोठी जाहिरात आणि जोरदार ॲडव्हान्स बुकिंग यांचं पारडं जड. मराठी सिनेमाचं बरंचसं गिऱ्हाईक आमच्या आत्यासारखं. ते आठ दिवस आधी बुकिंग करत नाही. जेवण झाल्यावर ठरवतं.

हा माझ्या मते या सगळ्या भांडणातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. मराठी प्रेक्षक नाही असं नाही. तो उशिरा ठरवतो, आणि सणाचा धंदा लवकर ठरवणाऱ्याला शो देतो.

मग सरकार काही करत नाही का

करतं. मल्टिप्लेक्सने वर्षभरात मराठी सिनेमाचे ठरावीक शो दाखवायचे असा नियम आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे मंत्री विनोद तावडे यांनी त्यात प्राइम टाइम आणला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, आरडाओरडा झाल्यावर तो दुपारी बारा ते रात्री नऊ इतका रुंद केला. त्या वेळी लेखिका शोभा डे यांच्या ट्वीटनंतर वडापाव, मिसळ आणि पॉपकॉर्नवरून जे काही झालं ते वाचकांना आठवत असेल. इथे त्यात शिरत नाही. मुद्दा एवढाच की नियम वर्षाचा हिशेब बघतो आणि भांडण दिवाळीच्या चार दिवसांचं असतं. जूनमधल्या पावसाळी मंगळवारी लावलेला शो कागदावर भाऊबीजेच्या शोइतकाच भरतो.

हे भांडण जुनंच आहे. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लावायला मालक तयार नव्हता, देव आनंदचा सिनेमा लावायचा होता. शिवसेना मध्ये पडली आणि 'सोंगाड्या' लागला. २०१७ च्या नाताळात 'टायगर जिंदा है' आणि मराठी 'देवा' दोन्ही २२ डिसेंबरला होते. तेव्हा मराठीला शो मिळत नाहीत म्हणून मनसेने थिएटरवाल्यांना इशारा दिला. अशा इशाऱ्यांनी त्या आठवड्यापुरते शो मिळतात. पण मिळालेला शो भरला नाही तर सोमवारी तोच जातो आणि पुढच्या मराठी सिनेमाच्या वेळी प्रोग्रॅमिंगवाल्याच्या डोक्यात तो रिकामा शो बसलेला असतो. मला या इशाऱ्यांचं कौतुक वाटत नाही, पण ते देण्याची वेळ का येते हे कळतं.

पुण्याची म्हणून एक वेगळी हानी आहे. मराठी सिनेमाला इथे हक्काचं घर होतं. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात थिएटर, १९३४ सालचं. तिथे दिवाळीत काय लागलंय हे विचारावंच लागत नसे, मराठीच असणार. २०१४ च्या डिसेंबरात भाडेकरार संपला आणि ते किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा उघडलं. त्याच्याही आधीचं मंडईतलं आर्यन तर आता फक्त पार्किंगच्या नावात उरलंय. दिवाळीत तुम्ही तिथे गाडी लावता, तेव्हा पुण्याच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमागृहाच्या जागेवर लावता. एकपडदा थिएटर गेलं म्हणजे इमारत गेली एवढंच नाही. तीन-सहा-नऊचे सगळे शो एकाच सिनेमाला देणारी जागा गेली. त्यांच्या जागी आलेल्या मल्टिप्लेक्समध्ये पडदे जास्त, पण रांगेत उभे असलेले सिनेमे त्याहून जास्त. आयनॉक्सचं देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स २००२ मध्ये आपल्याच बंडगार्डन रस्त्यावर सुरू झालं, याचा पुणेकर अभिमान बाळगतात. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एक झाले. म्हणजे आता ज्याच्याशी बोलणी करायची, तो मोठा दुकानदार एकच उरला.

धंद्याच्या नकाशावर पुणे कुठे येतं, तेही मजेशीर आहे. हिंदी सिनेमाचे वितरक अजूनही देश जुन्या हद्दींनी वाटून घेतात. पुणे मुंबईच्या टेरिटरीत. नागपूर 'सीपी बेरार'मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. मराठवाडा 'निजाम'मध्ये! संयुक्त महाराष्ट्र होऊन सहा दशकं उलटली तरी सिनेमाच्या हिशेबवहीत तो झालेला नाही. मराठी निर्मात्याला आपला सिनेमा एकाच राज्यात विकतानाही या तीन वह्यांतून जावं लागतं.

मराठी निर्माते मग काय करतात

शहाणे असतील तर दोन गोष्टी करतात.

पहिली, टक्कर घेऊन टिकून राहतात. २०१५ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, सलमान खानच्या 'प्रेम रतन धन पायो'समोर 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' असे दोन मराठी सिनेमे आले. कागदावर हा वेडेपणा. पण 'कट्यार' बघून आलेला माणूस चार जणांना सांगत होता आणि सिनेमा पुढचे कित्येक आठवडे पाय रोवून राहिला. २०१८ मध्ये 'ठग्ज'ने पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर कमाई केली आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी पाठ फिरवली. त्याच तारखेला आलेल्या '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर'चे शो पुढे वाढले. मोठ्या सिनेमाचा फुगा फुटला की मोकळ्या झालेल्या जागेत शिरायला तिथे हजर असावं लागतं. पण हा जुगार आहे. फुगा फुटला नाही तर संपलं.

दुसरी गोष्ट मला जास्त पटते: मोठ्याच्या मागून यायचं. 'नटसम्राट' आला १ जानेवारी २०१६ ला. त्याच्या दोन आठवडे आधी, १८ डिसेंबरला, 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' यांची टक्कर झाली होती. ('बाजीराव'वरून कोथरूडमध्ये निदर्शनं झाली आणि पहिले शो रद्द झाले, ते आठवत असेल.) वर्षाअखेर दोघांचा जोर ओसरला, आणि नाना पाटेकर यांना मोकळा पडदा मिळाला. 'वेड'चं तसंच. १६ डिसेंबर २०२२ ला दुसरा 'अवतार', २३ ला 'सर्कस'. 'सर्कस' आपटला. ३० डिसेंबरच्या शुक्रवारी थिएटरांकडे जागा होती आणि हातात दुसरा मोठा हिंदी सिनेमा नव्हता. 'वेड' आला आणि सर्वाधिक कमाईच्या मराठी सिनेमांच्या यादीत वर जाऊन बसला. रितेश आणि जिनिलिया यांच्या नावाला त्यात श्रेय आहेच, पण तारखेलाही आहे.

नाताळचा मोसम तसाही दिवाळीपेक्षा वेगळा. दिवाळीत सगळं पुणं सुट्टीवर असतं. नाताळात शहराचे दोन भाग पडतात. हिंजवडी, खराडीकडची मंडळी वर्षाअखेरच्या शिल्लक रजा टाकून घरी, इंग्रजी शाळांना आठवडाभर सुट्टी. मराठी शाळांना मात्र एखाद-दुसऱ्या दिवसाची. त्यामुळे नाताळात विमाननगर किंवा वाकडच्या मॉलमध्ये दुपारचे शो भरतात आणि पेठांच्या जवळच्या थिएटरात संध्याकाळचे. सिनेमेही २५ ला यायची वाट बघत नाहीत, आठवडाभर आधी येतात, म्हणजे नाताळ आणि एक जानेवारी असे दोन्ही पदरात पडतात.

आता २०२६ च्या मोसमाचं कॅलेंडर हे सगळं डोक्यात ठेवून बघा. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला. त्या दिवाळीवर 'रामायण'ने रुमाल टाकलेला. नितेश तिवारी दिग्दर्शक, रणबीर कपूर राम, यश रावण. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना घेऊन जाता येईल असा विषय, म्हणजे आमच्या आत्याच्या अकरा जणांवरच डोळा. त्याच आठवड्यात मराठी सिनेमा आणणाऱ्याने आपल्या शोंची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजायची तयारी ठेवावी. पुढे १८ डिसेंबर. 'अव्हेंजर्स: डूम्सडे' मुळात १ मे २०२६ ला येणार होता, तो या तारखेवर सरकवला गेला, आणि 'ड्यून'चा तिसरा भागही याच तारखेला जाहीर झाला. दोघांनाही आयमॅक्सचा मोठा पडदा हवा, आणि पुण्यात ते पडदे मोजकेच. इथे भांडण हॉलीवूडचं हॉलीवूडशीच लागेल. २५ डिसेंबर शुक्रवारी येतो. आणि त्याच्या पुढचा शुक्रवार आहे १ जानेवारी २०२७. 'नटसम्राट' आला तो १ जानेवारीही शुक्रवारच होता. मी मराठी निर्माता असतो तर या एका चौकोनावर कधीच खूण करून ठेवली असती.

निर्माता नाही, फक्त अकरा तिकिटं काढणारा भाचा असलो तरी काही गोष्टी उपयोगी पडतात. मोठ्या सिनेमाचं बुकिंग काही दिवस आधी उघडतं, पण बाकीच्यांच्या वेळा शेवटी, बुधवारी-गुरुवारी रात्री भरल्या जातात. त्यामुळे सिनेमा लागायच्या आधीच्या सोमवारी ॲप उघडून "मराठीला शोच नाही" म्हणून चिडण्यात अर्थ नसतो. सिनेमा लागल्यानंतरच्या सोमवारी वेळापत्रक पुन्हा हलतं: पहिल्या तीन दिवसांत जो भरला नाही त्याचे शो कमी, भरला त्याचे जास्त. साडेनऊचा शो भरला तर पुढच्या आठवड्यात तो सव्वाबाराला सरकलेला दिसण्याची शक्यता बरीच. आणि सणाच्या दिवसांत तिकीट महाग असतं. तेच तिकीट पुढच्या मंगळवारी स्वस्त मिळतं.

हे सगळं मी आत्याला समजावलं. पाच पडदे, पंचवीस शो, त्यातले पंधरा कामाचे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे साडेनऊचा शो आपण भरला, तर पुढच्या आठवड्यात दुपारचा मिळेल?"

"मिळू शकतो."

"मग ह्या आठवड्यात जोशीकाकूंच्या भिशीतल्या बायकांना साडेनऊला पाठवते. त्यांना कुठे भाऊ आहेत. आपण पुढच्या रविवारी जाऊ."